तळमजल्याची खोली: नाताळच्या गर्दीतल्या एका मुक्कामाचं प्रकरण

डिसेंबर 2024 मध्ये आम्ही आठ जण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका रिसॉर्टवर दोन रात्री राहिलो. त्या मुक्कामाची चॅट, फोटो, चिठ्ठ्या सगळं मी एका फाइलीत लावून ठेवलंय. मी बेळगावात शहापूरला राहते आणि एका कर सल्लागाराच्या ऑफिसात बिलं तपासायचं काम करते, त्यामुळे कागद जपायची सवय हातात बसलेली आहे. रिसॉर्टचं नाव लिहीत नाही. आमची ठरलेली खोली कशी गेली, आणि नंतर कुठल्या कागदाने काय मिळवून दिलं, ते मात्र बारकाव्यासह लिहिते, कारण सुट्टीत म्हाताऱ्या माणसांना घेऊन बाहेर पडणाऱ्या कुठल्याही घरावर ही वेळ येऊ शकते.

कोण, कधी, कशासाठी

सासूबाई 74 वर्षांच्या. वर्षभरापूर्वी त्यांचा उजवा गुडघा बदललेला. चालतात चांगल्या, पण जिना चढताना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून चढतात, आणि खाली बसायचं संडास त्यांना चालत नाही. बाकी मी, आमचे हे, आमची दोन मुलं, कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजहून वन्सं, दाजी आणि त्यांची कॉलेजात जाणारी लेक.

गडहिंग्लज आमच्यापासून फार लांब नाही. संकेश्वरवरून हायवेला लागलं की दीड-दोन तासांत माणूस दारात. पण मुलांच्या सुट्ट्या कधी जुळत नाहीत. कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्रात दिवाळीला. आमची मुलं मोकळी असतात तेव्हा तिकडे परीक्षा, तिकडची मोकळी होतात तेव्हा इकडे शाळा भरलेली. सीमाभागात नाती दोन्ही बाजूंना असणाऱ्या घरांना हे नवीन नाही. आमची मुलं कॉन्व्हेंटला, म्हणून नाताळचा आठवडा तेवढा मिळतो. सगळ्यांनी एका छपराखाली दोन रात्री काढायच्या, हे आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून वन्संच्या मनात होतं.

त्या वर्षीचा तो आठवडा मात्र साधा नव्हता. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, तेव्हापासूनच शहरातल्या लॉजवर ताण असतो. त्यात 1924 साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी 26 आणि 27 डिसेंबरला साजरी होणार होती. शहरभर कमानी, दिव्यांच्या माळा. शिवाय वर्षअखेरीला गोव्याला जाणाऱ्या गाड्या, त्यातल्या कितीतरी जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाने उतरतात. म्हणजे आमचं रिसॉर्ट ज्या रस्त्याला होतं, त्या रस्त्यावर दोन गर्दी एकदम येणार होत्या. हे मला आधी दिसायला हवं होतं.

बुकिंग

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी फोन केला. फोनवर सगळं गोड बोलणं झालं. मग मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, ते जसंच्या तसं देते:

"25 ते 27 डिसेंबर, 2 रात्री, 3 रूम. त्यातल्या 2 रूम ग्राउंड फ्लोअरलाच पाहिजेत. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिना चढता येत नाही. वेस्टर्न कमोड पाहिजे. 26 ला गुरुवार आणि एकादशी, त्यांना उपवासाचं लागेल. एक एक्स्ट्रा गादी."

उत्तर आलं: "ओके मॅडम. कन्फर्म. रूम 4500 पर नाइट ब्रेकफास्ट डिनर सहित. गादी 800. अ‍ॅडव्हान्स 10000 पाठवा."

मी त्याच नंबरवर यूपीआयने 10,000 रुपये पाठवले. पैसे गेले ते रिसॉर्टच्या नावाच्या खात्यावर गेले नाहीत, एका माणसाच्या खात्यावर गेले. मला ते खटकलं होतं. तरी मी गप्प बसले, कारण जागा हातची जाईल अशी भीती होती. रोज दुसऱ्यांच्या फाइलीत मी हीच चूक लाल शाईने दाखवते.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार घराबाहेर कसा, असं कुणी विचारेल. आमच्याकडे घट थोरल्या जाऊबाई मांडतात, आईंचा फक्त उपवास असतो. त्यांनीच हो म्हटलं होतं.

पोचल्यावर

आम्ही पोचलो संध्याकाळी पाचला. गडहिंग्लजची मंडळी आमच्याकडे जेवून निघाली, वाटेत पोरांनी किणयेला थांबायला लावलं, उशीर झाला. चेक-इन एकचं होतं. हा उशीर पुढे आमच्याविरुद्ध वापरला गेला.

काउंटरवर खानापूरकडचाच एक पोरगा होता, विशी-बाविशीतला. त्याने तीन चाव्या पुढे केल्या. तिन्ही वरच्या मजल्याच्या.

मी म्हटलं, "दोन खालच्या सांगितल्यात."

"खाली फुल्ल हाय मॅडम. वरच्या रूम भारी हायत की, व्ह्यू हाय."

मी चॅट दाखवली. त्याने ती नीट वाचली, हे मला सांगितलंच पाहिजे. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. मग तो हळू आवाजात म्हणाला की गावात कुठे जागा नाही, म्हणून एका कंपनीने दुपारी खालच्या सगळ्या खोल्या तीन दिवसांसाठी घेतल्या, वरून फोन आला, मी काय करू. त्या पोरावर माझा राग नाही. पुढचे दोन दिवस आईंचं ताट वर नेऊन देणारा तोच होता.

मॅनेजर आला. आधी कन्नडमध्ये बोलला, मग हिंदीत. "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी", म्हणजे थोडं सांभाळून घ्या, हे वाक्य त्याने चार वेळा म्हटलं. बेळगावात वाढलेल्या माणसाला हे वाक्य बसमध्ये, बँकेत, लग्नाच्या पंगतीत सगळीकडे ऐकू येतं आणि बहुतेक वेळा आपण सरकून जागा देतोही. इथे सरकायला जागाच नव्हती. त्याचं दुसरं म्हणणं असं की चेक-इन एकचं, तुम्ही पाचला आलात, तोवर खोली धरून कशी ठेवायची? मी विचारलं, धरून ठेवायला 10,000 घेतले होते ना? आणि तिन्ही खोल्या आमच्याच नावावर आहेत, फक्त मजला बदललाय, मग उशिराचा संबंध काय? यावर तो म्हणाला, कन्फर्म म्हणजे रूम कन्फर्म, फ्लोअर नाही.

सगळ्या प्रकरणाचं मूळ या वाक्यात आहे. गर्दीच्या दिवसांत हॉटेलच्या वहीत "तीन खोल्या" एवढंच असतं, आणि तीन दिल्या की त्यांच्या लेखी व्यवहार पुरा झाला. आमच्या घराच्या लेखी आठ माणसांची सहल त्या एका खोलीवर उभी होती. आई वर अडकल्या की कुणीतरी एक त्यांच्यापाशी थांबणार, जेवायला दोन पाळ्या होणार, आणि सगळ्यांनी मिळून बसायचं म्हणून जे ठरवलं ते राहूनच जाणार. तसंच झालं.

परत फिरायचा विचार आम्ही केला. दाजींनी गाडीतूनच तीन-चार ठिकाणी फोन लावले. कुठेही काही नव्हतं. आमचं घर पाऊण-एक तासावर होतं, तिथे आठ जण मावले असते. पण मुलं आत पळाली होती, अंधार पडत होता, आणि आईच म्हणाल्या, "आलोय तर राहूया. मी चढते."

सतरा पायऱ्या

जिना बाहेरच्या अंगाला होता. चिऱ्याचा, मधोमध झिजलेला, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. सतरा पायऱ्या. आई भिंतीला तळवा घासत चढल्या, मागे हे, पुढे मी उलटी होऊन एकेक पायरी मागे सरकत. नवव्या पायरीवर त्या थांबल्या आणि पदराने तोंड पुसलं. थंडी होती, तरी कपाळावर घाम होता. वर पोचल्यावर त्यांनी तळवा बघितला, तर चिऱ्याची तांबडी माती रेषांमध्ये बसली होती आणि एका बोटाचं कातडं गेलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री जेवायला खाली आल्या, कारण सगळे एकत्र बसायचे म्हणून तर आलो होतो. परत चढताना दंवाने पायऱ्या ओल्या झाल्या होत्या. त्यानंतर शुक्रवारी सकाळी निघेपर्यंत त्या खाली उतरल्याच नाहीत. गुरुवारचा अख्खा दिवस गॅलरीत खुर्ची टाकून बसून होत्या आणि खाली अंगणात नातवंडं काय खेळतात ते बघत होत्या.

कमोड होता, पण त्याची सीट एका बाजूने सुटलेली. मी फोटो काढला, वेळेसकट.

उपवासाची खिचडी गुरुवारी साडेदहाला आली. त्यात मोहरीची फोडणी, हळद आणि कांदा. स्वयंपाक्याने साबुदाण्याचा उप्पिट्टू, म्हणजे उपमाच, केला होता म्हणायला हरकत नाही. त्याचा दोष असा मोठा नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. चॅटमधली उपवासाची ओळ स्वयंपाकघरापर्यंत पोचली नव्हती, जशी गुडघ्याची ओळ काउंटरपर्यंत पोचली नव्हती. आईंनी दोन केळी आणि दूध घेतलं.

गरम पाण्याचा हिशेब

गुरुवारी सकाळी सातला नळाला कोमट पाणी, सव्वासातला गार. जांबोटी-कणकुंबी म्हणजे मलप्रभेच्या उगमाकडचा भाग, भीमगडचं अभयारण्य शेजारी. डिसेंबरातल्या पहाटेला तिथे बोटं आखडतात. मॅनेजर म्हणाला, सोलर आहे, ऊन आलं की येईल.

दाजींचं पंपसेटचं दुकान आहे. ते गच्चीवर जाऊन बघून आले. टाकी 500 लिटरची. खोल्या चौदा. बहुतेक खोल्यांत जादा गाद्या टाकलेल्या, म्हणजे सरासरी पाच माणसं धरली तर सत्तर. पाचशेला सत्तरने भागलं की माणशी सात लिटर. गार पाणी मिसळून धरलं तरी बादलीभर आंघोळीला त्याच्या दुपटीने गरम पाणी लागतं. त्यात पॅनेलच्या दक्षिणेला उंच झाडं, सावली दुपारपर्यंत हलत नाही. गीझर एकाही खोलीत नव्हता. दाजी म्हणाले, एरवी आठवड्यातल्या दिवशी पाच-सहा खोल्या लागत असतील तर हे सोलर पुरत असेल. सुट्टीत सगळ्या खोल्या भरायच्या आणि वर गाद्या टाकायच्या, तर पाण्याचा हिशेब आधी करायला हवा होता. जादा गादीचे 800 घेतले, त्या गादीवरच्या माणसाला बादलीभर गरम पाणी काही दिलं नाही. ही गोष्ट मला खोलीच्या खालोखाल लागली.

निघताना

गुरुवारी रात्री डॉ. मनमोहनसिंग गेल्याची बातमी आली. 27 तारखेला राज्यात सुट्टी जाहीर झाली, बेळगावची त्या दिवशीची सभा रद्द झाली. शुक्रवारी सकाळी आम्ही आवराआवर करत होतो तेव्हा खालच्या खोल्यांतली माणसंही बॅगा घेऊन निघाली होती. आईंना उतरवून अंगणात आणलं आणि पाहिलं तर तळमजल्याच्या खोल्यांची दारं सताड उघडी, चादरी काढलेल्या. प्रत्येक खोलीत कमोड आणि त्याच्या शेजारी भिंतीला धरायची कांबी. म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा विचार करूनच कुणीतरी त्या खोल्या बांधल्या होत्या.

बिल आलं ते एका साध्या वहीच्या पानावर. भाडं 27,000. गादी 1,600. "फेस्टिव्ह चार्ज" खोलीमागे 1,500 प्रमाणे 4,500. शेकोटी 1,000. एकूण 34,100, वजा 10,000, राहिले 24,100.

फेस्टिव्ह चार्ज चॅटमध्ये कुठेच नव्हता. शेकोटी अंगणात सगळ्यांसाठी पेटवली होती, आम्ही मागितली नव्हती. मी पक्कं बिल मागितलं, तर मॅनेजर म्हणाला की मग वर 12 टक्के, म्हणजे आणखी 4,092 पडतील. हे माझं रोजचं काम, म्हणून जरा सांगते. तेव्हा 7,500 पर्यंतच्या खोलीवर जीएसटी 12 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झालाय. नोंदणी असलेल्याने आपला पंधरा अंकी-अक्षरी नंबर पाटीवर लावायचा असतो, कर्नाटकात त्याची सुरुवात 29 ने होते. या रिसॉर्टच्या पाटीवर तो होता. तेव्हा बिल देणं न देणं हा त्यांच्या मर्जीचा विषय नव्हता, आणि "कर नको असेल तर बिल नको" हा पर्याय गिऱ्हाईकापुढे ठेवायचा त्यांना अधिकारच नव्हता. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये तर सेवेचं बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून सरळ लिहिलेली आहे.

वाद लांबला. आई गाडीत बसून होत्या. शेवटी मी 24,100 भरले, पण दोन गोष्टी केल्या. यूपीआयच्या शेऱ्याच्या जागी लिहिलं "हरकत नोंदवून". आणि काउंटरवर उभं राहून एका कागदावर पाच ओळींची तक्रार लिहिली, पोच मागितली. मॅनेजरने सही नाकारली. मी त्या कागदाचा फोटो, कमोडचा फोटो, वहीच्या पानाचा फोटो, सगळं ज्या नंबरवर बुकिंग झालं त्याच नंबरवर तिथूनच पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. सहीपेक्षा त्या खुणा जास्त उपयोगी पडल्या.

पुढे काय झालं

डिसेंबर संपायच्या आत मी मालकाच्या नावाने स्पीड पोस्टने पत्र पाठवलं, मराठीत, सोबत इंग्रजी प्रत. पत्रात रागाचा एकही शब्द ठेवला नाही. मागणी अशी: फेस्टिव्ह चार्ज आणि शेकोटीचे 5,500, आईंच्या खोलीचं दोन रात्रींचं भाडं 9,000, एकूण 14,500, आणि पक्कं बिल. पंधरा दिवसांची मुदत. उत्तर नाही.

मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे मराठीतूनही बोलता येतं. ही हेल्पलाइन हुकूम काढत नाही, दुसऱ्या बाजूला कळवते आणि मध्यस्थी करते. आम्हाला तेवढं पुरलं.

दाजींचं मत वेगळं होतं. त्यांना थेट ग्राहक आयोगात जायचं होतं, आणि तेही कोल्हापुरात. 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते, सेवा देणारा कुठल्याही राज्यातला असला तरी. शिवाय पैसे भरणाऱ्याच्या संमतीने सेवा घेणाराही ग्राहकच ठरतो. म्हणजे खानापूरच्या रिसॉर्टविरुद्ध गडहिंग्लजच्या माणसाला कोल्हापुरात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज भरता येतो. सीमाभागातल्या लोकांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कागद कुठल्या भाषेत लिहायचा, कुठल्या गावच्या आवारात उभं राहायचं, याच विचाराने आपल्याकडे कितीतरी तक्रारी घरातच विरतात.

जानेवारीच्या शेवटी मालकाचा फोन आला. अस्खलित मराठी, बेळगावचाच माणूस. चॅट त्याने आधी पाहिलीच नव्हती म्हणाला. आधी 5,500 देतो म्हणाला. मी खोलीचा विषय सोडला नाही. शेवटी 8,500 वर ठरलं. पक्कं बिलही आलं: 22,857 भाडं, 1,371-1,371 असे केंद्राचे आणि राज्याचे कर, म्हणजे 34,100 मधून हे 8,500 वजा जाऊन आमचे त्यांच्याकडे राहिलेल्या 25,600 मध्येच रुपयाच्या फरकाने सगळं बसवलेलं. वरचे 12 टक्के कुठेही लागले नाहीत. त्याने "पूर्ण आणि अंतिम" लिहून मागितलं. मी फक्त "8,500 रुपये मिळाले" एवढंच लिहून दिलं. दाजी अजून म्हणतात मी लवकर मानलं. कदाचित खरं असेल.

चुका आमच्याकडूनही राहिल्या. पैसे कुणाच्या खात्यावर जातात हे विचारलं नाही. कर धरून की वेगळा हे विचारलं नाही. आदल्या दिवशी फोन करून "अमुक नंबरची खोली ना?" हे पक्कं केलं नाही, आणि उशीर होणार हे दुपारीच कळवलं नाही. पण ती एक ओळ, "2 रूम ग्राउंड फ्लोअरलाच", आणि तिच्याखालचं "कन्फर्म", हे दोन्ही पैसे पाठवायच्या आधी लिहिलेलं होतं. मालकाशी बोलताना माझ्या हातात दुसरं काही नव्हतं.

त्या फोनच्या शेवटी मालक म्हणाला, आजींना द्या, माफी मागतो. मी फोन स्पीकरवर टाकून आईंच्या हातात दिला. त्यांनी माफीचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाळा, आम्ही आलो त्या दिवशी सकाळी खाली खोली होती की नव्हती?"

तो थोडा वेळ थांबला. म्हणाला, "होती, आजी."

"बरं," आई म्हणाल्या, आणि फोन माझ्याकडे दिला.